फ्लाइट सिम २०२४: दोष सर्व्हरचा, लाइनचा की आपल्या मशीनचा, हे ओळखायचं कसं?

मुलुंडकर_२७

नमस्कार मंडळी,

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ या विमान उडवण्याच्या गेमबद्दल नेमकं विचारायचं आहे. १९ नोव्हेंबर २०२४ ला तो आला त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लॉगिनची न संपणारी रांग, ९७ टक्क्यांवर ठप्प झालेली लोडिंगची पट्टी, पैसे मोजूनही यादीत न दिसणारी विमानं. स्टीमवर 'ओव्हरव्हेल्मिंगली निगेटिव्ह' असा शेरा पडला. तो राग अजून लोकांच्या मनातून गेलेला नाही. त्यामुळे आजही काही अडलं की "गेमच भंगार आहे" इथे चर्चा संपते आणि खरं कारण कुणी शोधत नाही. मला ते शोधायचं आहे.

मशीन: प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), रॅम १६ जीबी, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, १४४०पी मॉनिटर, विंडोज ११. इंटरनेट म्हणजे इमारतीत येणाऱ्या स्थानिक केबलवाल्याचा २०० एमबीपीएसचा प्लॅन. पीसी राउटरला वायरने जोडलेला आहे.

त्रास तीन प्रकारचे. एक, रात्री नऊनंतर लोडिंग फार रेंगाळतं आणि आत गेल्यावर कॉकपिटमधली अक्षरं बराच वेळ धूसर राहतात. दोन, मुंबईला रनवे २७ च्या फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात), साधारण हजार फुटांखाली, चित्र झटके खातं. नाशिकला किंवा समुद्रावर असं होत नाही. तीन, लांबच्या फ्लाइटमध्ये कधीकधी काहीही न सांगता गेम बंद होऊन थेट डेस्कटॉप दिसतो.

सेटिंग्ज 'हाय' प्रीसेटवर. सगळे स्लायडर खाली ओढून बघा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो नको आहे. कुठला त्रास कुणाचा, हे ठरवायची पद्धत हवी आहे. शिवाय परताव्याचे नियमही कुणी सांगितले तर बरं होईल, कारण दोन मित्र घ्यायच्या विचारात आहेत.

---

सांताक्रूझ_टॉवर

प्रश्न बरोबर मांडलात. आधी लाँचबद्दल लिहितो, कारण तुमच्या पहिल्या त्रासाचं मूळ याच रचनेत आहे.

२०२० चा सिम शंभर जीबीहून जास्त मजकूर डिस्कवर उतरवून घ्यायचा. सर्व्हरवरून यायची ती मुख्यतः जमिनीची छायाचित्रं आणि उंचसखलपणा. २०२४ मध्ये हे गणित बदललं. डिस्कवर जागा मागतात ५० जीबी, आणि विमानं, विमानतळ, टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) हे सगळं लागेल तसं सर्व्हरवरून येतं. म्हणून सर्व्हर अडला की नुसती जमीन धूसर होत नाही, विमानच गायब होतं.

पहिल्या दिवसाचं कारण गेम बनवणाऱ्या असोबो स्टुडिओचे सेबास्टियन व्लोक आणि मायक्रोसॉफ्टचे यॉर्ग नॉयमन यांनी व्हिडिओ करून सांगितलं होतं. गेम सुरू होताना सर्व्हरकडे डेटा मागतो, सर्व्हर तो डेटाबेसमधून आणतो आणि दोघांच्या मध्ये एक कॅश, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारी साठवण, असते. ती कॅश २ लाख कृत्रिम वापरकर्ते सोडून तपासली होती. प्रत्यक्षातल्या गर्दीला ती पुरली नाही. सेवा पुन्हा सुरू केल्या, रांगेची क्षमता वाढवून वेग पाचपट केला, अर्धा तास बरं चाललं आणि कॅश पुन्हा कोसळली. डेटा मिळाला नाही की तो पुन्हा मागितला जातो, त्यामुळे आधीच दमलेल्या यंत्रणेवर आणखी मागण्या येऊन पडतात. ९७ टक्क्यांवरचं ठप्प होणं आणि गायब विमानं ही एकाच बिघाडाची दोन रूपं होती. त्या दिवशी कुणी विंडोज नव्याने टाकलं असेल, ड्रायव्हर बदलले असतील, तर ती मेहनत फुकट गेली. खेळणाऱ्याच्या बाजूने त्यावर काहीच उपाय नव्हता.

आज लोडिंग रेंगाळलं तर सर्व्हर की लाइन हे ओळखायला सर्वात खात्रीची चाचणी म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. ज्या वेळी त्रास चालू आहे त्याच वेळी गेम पूर्ण बंद करा, पीसीची लॅन वायर काढा, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा आणि तेच विमान पण तशाच आकाराचा दुसरा विमानतळ निवडून पुन्हा लोड करा. हॉटस्पॉटवरही तसंच अडत असेल तर सर्व्हरकडे बोट दाखवा आणि झोपा. हॉटस्पॉटवर झटक्यात लोड झालं तर तुमची लाइन दोषी. लोड झालं की लगेच बंद करा, नाहीतर दिवसाचा मोबाइल डेटा तिथेच संपेल.

एक सावधगिरी. एकदा लोड झालेला मजकूर रोलिंग कॅशमध्ये साठतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी लोडिंग आपोआप लवकर होतं आणि तुलना फसते. चाचणीसाठी दरवेळी असा विमानतळ घ्या जिथे अलीकडे गेला नाहीत. आज घरच्या लाइनवर भोपाळ घेतलंत तर हॉटस्पॉटवर जयपूर घ्या.

गर्दीचा हिशेबही ध्यानात ठेवा. हिवाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि अमेरिकेचा पूर्व किनारा साडेदहा तास मागे. आपल्या रात्री अकरा-साडेअकराला युरोपची संध्याकाळ रंगात असते, सकाळी सहा-सातला अमेरिकेची. दोघंही झोपेत किंवा कामाच्या गडबडीत असतात ती वेळ आपल्याकडे साधारण सकाळी अकरा ते दुपारी तीन. मोठं अपडेट आलं की त्या वेळात उतरवून घ्या.

स्टीमवर फाइल्स 'व्हेरिफाय' करायला सांगणारे खूप भेटतील. २०२४ मध्ये त्यातून फक्त डिस्कवरचा गाभा तपासला जातो. धूसर अक्षरांशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये रोलिंग कॅश शोधा, ती एसएसडीवरच आहे ना ते बघा, एकदा पुसून नव्याने बनवा आणि ३२ ते ६४ जीबी द्या. बिघडलेल्या कॅशमुळे जमिनीवर विचित्र चौकोन दिसणं, त्याच त्या जागी अडकणं असले प्रकार होतात आणि पुसल्यावर जातात.

---

लाइनमन_अंधेरी

वरचं सगळं पटलं. फक्त 'स्थानिक केबलवाला' आणि 'रात्री नऊनंतर' हे दोन शब्द एकत्र वाचले आणि माझा संशय लाइनवर गेला. मुंबईतल्या जुन्या इमारतींत फायबर अनेकदा तुमच्या घरापर्यंत येतच नाही. ते गच्चीवरच्या किंवा जिन्याखालच्या पेटीतल्या स्विचपर्यंत येतं आणि तिथून तांब्याची वायर खिडकीतून आत. त्यात चार ठिकाणी गडबड होते.

पहिली, जोडणीचा वेग. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं जाऊन 'लिंक स्पीड' वाचा. तिथे १०००/१००० हवं. १००/१०० दिसलं तर २०० चा प्लॅन घेऊन तुम्हाला कधीच शंभराच्या वर मिळणार नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: आरजे४५ कनेक्टरमध्ये (लॅन वायरीच्या टोकाच्या प्लगमध्ये) आठपैकी चारच तारा खुबवलेल्या असतात. १, २, ३ आणि ६ या चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला आठही लागतात. घाईत वायर ओढणारे चारच खुबवतात, किंवा उरलेल्या चार तारा शेजारच्या घराला देतात. पीसी ते राउटर वायर ठीक निघाली तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅन पोर्टचा (बाहेरची लाइन लागते त्या खाचेचा) वेगही बघा, कारण तोच दोष तिथेही असू शकतो.

दुसरी, वायरची लांबी. तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर. गच्चीवरून खाली वीस मजले म्हणजे उभे साठ मीटर, वर आडवी धाव. मर्यादा सहज गाठली जाते. पावसाळ्यात बाहेरून आलेल्या वायरीचा जोड टेपने गुंडाळलेला असेल तर आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडतं. मग स्पीड टेस्ट छान येते आणि पॅकेट (डेटाचे लहान तुकडे) मात्र गळतात.

तिसरी म्हणजे ही गळती. सिमला तिचा त्रास वेगापेक्षा जास्त होतो, कारण हजारो लहान तुकडे मागितले जातात आणि हरवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा मागावा लागतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून दोनशे वेळा पिंग करा (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघा), आधी राउटरच्या पत्त्याला, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. राउटरपर्यंतच गळती असेल तर घरातली वायर बदला. राउटरपर्यंत शून्य आणि बाहेर एक-दोन टक्के असेल तर दोष पेटीत किंवा त्याच्या पलीकडे. हे दोनदा करा, दुपारी एकदा आणि रात्री दहाला एकदा. दुपारी स्वच्छ आणि रात्री खराब, म्हणजे केबलवाल्याने एका अपलिंकवर (बाहेर जाणाऱ्या मुख्य लाइनवर) झेपतील त्यापेक्षा जास्त घरं लटकवली आहेत.

चौथी, भरलेल्या लाइनवरचा उशीर. पिंग चालू ठेवा आणि एखादी मोठी फाइल उतरवायला लावा. ८ मिलिसेकंदांचा आकडा २५०-३०० वर गेला तर राउटर पॅकेट साठवून ठेवतोय. घरात कुणी मालिका लावली की कॉकपिट धूसर होतं ते यामुळे. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (लाइनवरची गर्दी आवरणारी सोय) असेल तर ते चालू करून मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा.

ज्यांच्याकडे फायबर खरंच घरात येतं त्यांनी ओएनटीच्या (फायबर येऊन लागते त्या डब्याच्या) पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, वाचावी. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेलं की जोडणी तुटायला लागते. कपाटामागे करकचून वाकवलेली फायबर हे त्याचं नेहमीचं कारण.

किती वेग लागतो तेही लिहून ठेवतो. अधिकृत गरज किमान १० एमबीपीएस, शिफारस ५०, आदर्श १००. ५० एमबीपीएस सलग वापरलं तर तासाला साडेबावीस जीबी होतात. प्रत्यक्षात सलग तेवढं जात नाही. समुद्रावर जवळपास काहीच जात नाही, शहरावर उसळी येते. तरी ज्यांच्या प्लॅनला महिन्याची ३३०० जीबीची मर्यादा आहे आणि घरात चार जणांचे चार पडदे चालतात, त्यांनी मीटरवर नजर ठेवावी.

आणि केबलवाल्याशी बोलताना "गेम चालत नाही" असं सांगू नका, त्यावर कुणी येत नाही. "लिंक शंभरवर निगोशिएट होतेय, रात्री दहाला दोन टक्के पॅकेट लॉस आहे, हा स्क्रीनशॉट" असं सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे हाच क्रमांक मागतात.

---

मुलुंडकर_२७

दोघांचेही आभार. लिंक स्पीड १००/१०० निघाली, तीही वॅन पोर्टवर. राउटरपर्यंत गळती शून्य, बाहेर दुपारी शून्य आणि रात्री साधारण तीन टक्के. हॉटस्पॉटवर त्याच वेळी लोडिंग व्यवस्थित झालं. म्हणजे पहिल्या त्रासात सर्व्हर निर्दोष. तक्रार क्रमांक घेतला आहे, आठही तारा खुबवून मागितल्या आहेत.

आता फायनलवरचे झटके आणि डेस्कटॉपवर फेकलं जाणं.

---

दादर_हँगर

क्रॅशचं आधी बघू, कारण त्याचा पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवतं आणि तो कुणी वाचत नाही.

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा. विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. गेम बंद झाला त्या मिनिटाची लाल खूण शोधा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ असते. तिथे एनव्हीने सुरू होणारी डीएलएल दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर: डीडीयू या ड्रायव्हर समूळ काढणाऱ्या साधनाने जुना पूर्ण काढून नवा टाका. फ्लाइटसिम्युलेटर२०२४ डॉट ईएक्सई हेच नाव असेल आणि एक्सेप्शन कोडच्या शेवटी सी००००००५ असेल तर मेमरीत चुकीच्या जागी हात घातला गेला. याची कारणं अनेक. म्हणून सर्वात स्वस्त तपासणी आधी: कम्युनिटी फोल्डरचं (ॲडऑन, म्हणजे बाहेरून आणलेली विमानं-विमानतळ, टाकतात त्या फोल्डरचं) नाव बदलून ठेवा आणि त्या जागी रिकामा फोल्डर करा. २०२० साठी बनवलेले ॲडऑन जसेच्या तसे उचलून टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गेम शांत राहिला तर ॲडऑन अर्धे अर्धे करून परत टाका. दहापैकी पाच, मग पाचपैकी दोन. एकेक टाकत बसण्यापेक्षा दोषी लवकर सापडतो.

मग ॲप्लिकेशन सोडून 'सिस्टम' लॉगमध्ये जा आणि इव्हेंट आयडी २००४ शोधा. स्रोत 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर' असा असतो. ही नोंद असेल तर विंडोजची आभासी मेमरी संपली आणि गेम त्यात गेला. तुमची रॅम १६ जीबी आहे आणि त्रास लांबच्या फ्लाइटमध्येच होतो, त्यामुळे मला याचीच शक्यता जास्त वाटते. १६ जीबी ही अधिकृत किमान गरज आहे, शिफारस ३२ ची आणि आदर्श ६४ ची. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) 'सिस्टम मॅनेज्ड' वर ठेवा, एनव्हीएमईवर ठेवा आणि त्या ड्राइव्हवर ४०-५० जीबी मोकळे ठेवा. एसएसडी झिजते म्हणून पेजफाइल बंद करा, हा सल्ला जुन्या काळातला आहे. या सिमसाठी तो घातक आहे.

तुमच्याकडे रायझन आहे म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या आय७, आय९ वर वारंवार क्रॅश होत असेल तर सिमला शिव्या घालण्याआधी मदरबोर्डचं बायोस बघा. या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून कायमची इजा होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) ०एक्स१२९ आणि नंतर ०एक्स१२बी बायोस अपडेटमधून आले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. गंमत नाही, आय७ १४७००के हा सिम २०२४ च्या आदर्श मशीनच्या यादीतलाच प्रोसेसर आहे. म्हणजे ज्यांनी यादी वाचून सर्वात महागडं मशीन उभं केलं त्यांनाच हा फटका बसू शकतो. इजा आधीच झाली असेल तर अपडेटने भरून येत नाही, प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश, तोही कार्डावर भरपूर मेमरी मोकळी असताना, ही त्याची ठळक खूण.

---

गिरगाव_व्हीएफआर

सगळं तांत्रिक बोलणं योग्यच आहे, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. इथे आपण खेळणाऱ्याला वायर, रॅम, बायोस शिकवतोय आणि त्यात लाँचच्या दिवसाची जबाबदारी पुसट होतेय. पूर्ण किंमत घेऊन विकलेली वस्तू पहिल्या दिवशी उघडत नाही, हा ग्राहकाचा दोष नाही. २०२० च्या लाँचलाही स्टीमवर परताव्याचा असाच प्रश्न आला होता: गेमचा मोठा भाग स्टीममधून न उतरता गेम सुरू केल्यावर आतून उतरायचा आणि तो सगळा वेळ खेळण्यात मोजला जायचा.

म्हणून तुमच्या मित्रांसाठी नियम. स्टीमचा परतावा खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर मिळतो. घड्याळ गेम उघडल्या क्षणी सुरू होतं, रांगेत थांबलेला वेळही त्यात जातो. त्यामुळे घेतल्याबरोबर उघडू नका. दुपारी मोकळा दीड तास असेल तेव्हाच उघडा. पहिल्या पंधरा मिनिटांत कंट्रोल लावा, मग सरळ मुंबईसारखं जड शहर आणि तुमचं आवडतं जड विमान घ्या. करिअर मोड उघडून शिकवणीच्या फ्लाइट करत बसलात तर दोन तास तिथेच जातील आणि मशीनला झेपतं का हे कळणारच नाही. दीड तासाच्या आत निर्णय घ्या. दोन तास उलटले तरी अर्ज करता येतो, पण मग तो त्यांच्या मर्जीवर.

त्याहून बरं म्हणजे पीसी गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या मासिक वर्गणीचा एक महिना घेऊन बघणं. स्टँडर्ड आवृत्ती त्यात आहे. घरची लाइन आणि मशीन दोन्हींची परीक्षा त्यात होते आणि परताव्याची कटकट नाही.

ज्यांची लाइन सुधारण्यासारखी नाही त्यांनी एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिमचा मोफत डेमो उतरवावा. त्यात दृश्य डिस्कवर असतं, इंटरनेट गेलं तरी उडता येतं. त्यातली मुंबई सिम २०२४ इतकी मुंबईसारखी दिसणार नाही. विमानाचं वागणं मात्र उत्तम आहे. फ्लाइटगिअर हा सिम तर पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे.

---

सांताक्रूझ_टॉवर

जबाबदारीबद्दल सहमत. दोन लाखांच्या चाचणीवर विसंबून जगभर एकाच दिवशी दार उघडणं हा त्यांचाच निर्णय होता आणि त्याचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. धागा फक्त आज काय करायचं याच्यासाठी.

आता २७ ची फायनल. आधी मोजा. सेटिंग्जमधून डेव्हलपर मोड चालू करा, वरच्या पट्टीत डिबग, मग 'डिस्प्ले एफपीएस'. कोपऱ्यात एक चौकट येते. तिच्यात 'लिमिटेड बाय' पुढे काय लिहिलंय ते वाचा. 'जीपीयू' असेल तर कार्ड दमलंय. 'मेनथ्रेड' असेल तर प्रोसेसरचा एक गाभा दमलाय आणि अशा वेळी रिझोल्यूशन, ढग, सावल्या कमी करून काडीचा फरक पडत नाही. प्रीसेट 'लो' वर नेऊनही झटके राहतात आणि लोक वैतागतात ते यामुळे. त्याच चौकटीत कार्डावरची आणि साधी मेमरी किती वापरात आहे तेही दिसतं.

मुंबई जड का, ते नकाशा बघितला तर कळतं. २७ ला येताना तुम्ही ठाणे खाडी ओलांडून घाटकोपर, कुर्ला करत जरीमरीच्या डोक्यावरून उतरता. भारतातल्या सर्वात दाट वस्तीच्या पट्ट्यांपैकी हा एक. घरांची संख्या प्रचंड, प्रत्येक घर लहान. त्यात विमानतळ जवळ आला की उभी विमानं, गाड्या, शिड्या, टर्मिनल हे सगळं एकदम भरलं जातं आणि लाइव्ह ट्रॅफिक चालू असेल तर खरी विमानंही. हे सगळं मेनथ्रेडवर येऊन पडतं. हजार फुटांखाली झटके म्हणजे नेमका हाच क्षण.

खात्री करायला एक सोपी तुलना: जुहूवरून सेसना १७२ घ्या आणि हजार फुटांवर राहा. एकदा नाक पूर्वेला कुर्ल्याकडे, एकदा पश्चिमेला समुद्राकडे. दोन्हीकडे मेनथ्रेडचे मिलिसेकंद वाचा. समुद्राकडे आकडा एकदम पडला तर भार दृश्याचा. फारसा पडला नाही तर भार विमानाचा किंवा ट्रॅफिकचा. मग ट्रॅफिक बंद करून पुन्हा वाचा. जुहूचा रनवे जेमतेम ११४३ मीटर आहे, जेट घेऊन तिथे जाऊ नका.

उपायांचा क्रम असा. आधी ट्रॅफिक: उभी विमानं आणि जमिनीवरच्या गाड्या निम्म्यावर. सर्वात जास्त फरक इथेच पडतो. नंतर 'टेरेन लेव्हल ऑफ डिटेल'. हा आकडा म्हणजे किती लांबपर्यंत बारीक तपशील उभा करायचा. शंभरचा दोनशे केला की अंतर दुप्पट होतं आणि क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे भार तुमच्या अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. ५६०० ला मुंबईसाठी १०० पुरे. तिसरं, एअरलाइनर असेल तर कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा रिफ्रेश दर मध्यमवर. चौथं, फ्रेम ३० वर बांधा. ३८ ते २४ अशी उडी मारणाऱ्या फ्रेमपेक्षा सलग ३० डोळ्याला कितीतरी गुळगुळीत दिसतात. लँडिंगच्या फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) हाताला हाच सलगपणा लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, तीच फायनल, तीच वेळ, तेच हवामान. लाइव्ह हवामान बंद करून स्वच्छ आकाश ठेवा, नाहीतर आजच्या आणि उद्याच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

---

कुर्ला_अप्रोच

दृश्याचा विषय निघाला म्हणून थोडक्यात. मुंबईत झोपडपट्टीच्या जागी छपराची टुमदार घरं दिसतात किंवा एखादा टॉवर चुकीच्या उंचीचा दिसतो, तो बिघाड नव्हे. इमारती उपग्रह छायाचित्रं आणि नकाशाच्या डेटावरून यंत्राने उभ्या केलेल्या असतात. २०२० मध्ये मेलबर्नच्या एका उपनगरात २१२ मजली मनोरा उभा राहिला होता, कारण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर कुणीतरी २ च्या जागी २१२ मजले टंकले होते. आपल्याकडच्या चुकाही याच जातीच्या. सेटिंग्ज बदलून त्या जाणार नाहीत, त्यासाठी हाताने बनवलेली सीनरी लागते. नवी मुंबई विमानतळाचंही तसंच, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्यामुळे जुन्या डेटात तो नसणं स्वाभाविक आहे.

हाताने बनवलेली मुंबईची सीनरी टाकणार असाल तर आधी वरची सगळी मोजणी उरकून घ्या. अशा सीनरीत टर्मिनलची टेक्स्चर मोठी असतात आणि ८ जीबीच्या कार्डावर ती भरून वाहतात. टेक्स्चर रिझोल्यूशन 'मीडियम' करावं लागेल. १२ जीबीवाल्यांना 'हाय' चालेल.

---

मुलुंडकर_२७

आकडे देतो. कुर्ल्याकडे तोंड करून 'लिमिटेड बाय मेनथ्रेड', समुद्राकडे 'जीपीयू'. ट्रॅफिक निम्म्यावर आणि टेरेन २०० वरून १०० केल्यावर फायनल बरीच सुधारली. झटके अजून आहेत, पण विरळ.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २००४ ची नोंद सापडली, प्रत्येक क्रॅशच्या मिनिटाला. पेजफाइल २ जीबीवर बांधलेली होती, ती सिस्टम मॅनेज्ड केली. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी १५.९ पैकी १५.२ वापरात दिसते आणि 'स्लॉट्स यूज्ड' पुढे १ ऑफ ४. कार्डावरची मेमरी निम्मीच भरते.

---

दादर_हँगर

उरलेल्या झटक्यांचं कारण तुम्हीच लिहिलंत. चारपैकी एक स्लॉट म्हणजे १६ जीबीची एकच पट्टी, सिंगल चॅनेल. मेनथ्रेडला डेटा अर्ध्या रुंदीच्या वाटेने मिळतोय आणि रॅम भरली की विंडोज मजकूर एसएसडीवर ढकलतं. फायनलवर विमानतळ भरताना तोच परत आणावा लागतो.

लॅमिंग्टन रोडला (मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात) जाऊन १६ जीबीची आणखी एक पट्टी घेणं स्वस्त पडेल, पण जोडी जुळली नाही तर वेग खाली बांधावा लागतो. शक्यतो डीडीआर४ ३२०० ची १६ + १६ अशी एकाच पाकिटातली जोडी घ्या आणि जुनी पट्टी विका. घेताना सीएल १६ लिहिलंय का बघा (सीएल म्हणजे उत्तर द्यायचा उशीर, कमी तितका बरा), सीएल २२ वाली थोडी स्वस्त असते पण रायझनवर फरक जाणवतो.

बसवताना प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्या दोनमध्ये शेजारीशेजारी लावल्या तर पुन्हा सिंगल चॅनेलच राहील. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (पट्टीला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्पीड' पुढे ३२०० दिसलं पाहिजे. सिम उघडण्याआधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा. एक जरी चूक दिसली तर पट्टी दुकानात परत न्या, बिल आणि पाकीट जपून ठेवा. त्यानंतर टेरेन १०० वरून २५-२५ ने वर नेत जा आणि कुर्ल्याकडे तोंड करून मेनथ्रेडचा आकडा वाचत राहा. ३० फ्रेमसाठी तो ३३ मिलिसेकंदांच्या आत राहायला हवा, २८ च्या आसपास आला की तिथेच थांबा.